‘पलिष्टी’ येशू? (पॅलेस्टिनी, यहुदी, ज्यू वगैरे)

शाईचा डाग:
एका नाताळ पुरवणीसाठी लेख मराठीत आणतेय. मूळ लेखकानं येशूला ‘पहिल्या शतकातला पॅलेस्टिनी ज्यू’ म्हटलंय, मी तसंच ठेवलं. प्रुफं परत आली तर ‘पॅलेस्टिनी’ खोडून वर ‘पलिष्टी’! समासात शेरा: ‘मराठी बायबलात असाच शब्द आहे.’ आहे खरा, पण तो गल्याथासाठी. दावीदानं गोफणीनं ज्याला लोळवला, त्याच्याच जमातीत येशूला नेऊन बसवलं यांनी. फोन केला तर म्हणाले, मग ‘पॅलेस्टिनी’ही नको, पत्रं येतात, नुसतं ‘ज्यू’ ठेवा. मागून कुणी ओरडलं, ‘ज्यू’ नको, ‘यहुदी’ करा. मला एवढंच हवंय: हा ‘पॅलेस्टिनी’ मराठीत कसा लिहू, म्हणजे आजच्या बातमीतला वाटणार नाही?

जुना खिळा:
प्रुफवाल्याला इतकं झोडू नका. पलिष्टी आणि पॅलेस्टाईन एकाच मुळाचे. हिब्रूत पलिश्तीम, ग्रीकांनी केलं पलैस्तिने. हिरोडोटसकडे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच सापडतं. चूक आहे, पण अडाण्याची नाही.

भुईकोट:
खिळेकाका, मूळ एक म्हणून अर्थ एक होत नाही. येशूच्या वेळी त्या मुलखाचं सरकारी नाव पॅलेस्टाईन नव्हतंच. दक्षिणेत यहूदीया, उत्तरेत गालील. गालीलवर हेरोद अंतिपास, यहूदीयात इ. स. ६ पासून रोमचा अधिकारी. बार कोखबाचं ज्यू बंड (१३२ ते १३५) चिरडल्यावर रोमनांनी प्रांताला ‘सिरिया पॅलेस्टिना’ नाव दिलं. म्हणजे येशूनंतर शंभर वर्षांनी. तेव्हा ‘पॅलेस्टिनी’ सरळ काढा.

जुना खिळा:
मग अभ्यासक तिथल्या ज्यूंच्या जुन्या बोलीला ‘ज्यू पॅलेस्टिनी आरमाईक’ म्हणतात ते काय घोषणा देतात? जेरुसलेमच्या तालमुदाला, म्हणजे ज्यू धर्मशास्त्राच्या ग्रंथाला, ‘पॅलेस्टिनी तालमुद’ही म्हणतात. तिथे तो निव्वळ भूगोल आहे.

रेवदंडेकरीण:
‘पॅलेस्टाईन पोस्ट’ नावाचं वर्तमानपत्र १९३२ साली ज्यूंनीच काढलं. १९५० मध्ये त्याचं ‘जेरुसलेम पोस्ट’ झालं. ब्रिटिश अमलात तिथला ज्यूसुद्धा कागदोपत्री पॅलेस्टिनीच होता. शब्द तोच, ऐंशी वर्षांत पार दुसऱ्या बाजूला गेला. शाईताईंच्या लेखकानं बहुधा जुन्या अर्थानं लिहिलंय, पण वाचणारा आजचा आहे.

एरंडाचं गुऱ्हाळ:
आणि दोन्हीकडचे पुढारी त्यात तेल ओततात. २०१३ च्या नाताळ संदेशात पॅलेस्टिनी अध्यक्ष महमूद अब्बास यांनी येशूला पॅलेस्टिनी दूत म्हटलं. लगेच पुढच्या मे महिन्यात इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू पोपना सांगताहेत की येशू इथलाच, हिब्रू बोलायचा. पोप फ्रान्सिस मध्येच म्हणाले, आरमाईक. मग सारवासारव: आरमाईक बोलायचा, पण हिब्रू येत होतं! २०२४ च्या डिसेंबरात व्हॅटिकनमधल्या देखाव्यात बाळ येशूला पॅलेस्टिनी कफियेवर (चौकड्यांच्या रुमालावर) निजवलं होतं, ओरड झाल्यावर काही दिवसांत तो हलवला. आजच्या नकाशावर बघाल तर जन्मगाव बेथलेहेम पॅलेस्टिनींच्या वेस्ट बँकेत आणि राहतं गाव नासरेथ इस्रायलमध्ये, ज्यात वस्ती बहुतेक अरबांची. करा आता भाषांतर.

वसईची वेल:
आमच्याकडे उत्तर तयार आहे. नासरेथकर! लहानपणी क्रूसावरची पाटी अशीच पाठ केली, ‘नासरेथकर येशू, यहुद्यांचा राजा’. मला कितीतरी वर्षं वाटायचं की हा नालासोपाऱ्याच्या पलीकडचा कुणी असणार. ‘कर’ लावला की गाव कळतं, देश कुठला यावरून भांडण नाही.

शाईचा डाग:
वेल, हे फारच आवडलं. पण ‘ज्यू’चं काय? आणि ‘पहिल्या शतकातला नासरेथकर ज्यू’ म्हटलं तर लोक मुलुंडचा समजतील.

भुईकोट:
‘ज्यू’ही नकोच. ग्रीक युदायोस म्हणजे मुळात यहूदीयाचा माणूस. २००० साली निघालेल्या बायबलच्या नव्या कराराच्या मोठ्या ग्रीक कोशानंही ‘यहूदीयाकर’ अशा अर्थाचा शब्द पुढे केला. येशू तर गालीलचा, त्यामुळे…

रेवदंडेकरीण:
भुईकोट, तिथेच थांबा. ‘गालीलचा, म्हणून ज्यू नव्हेच’ हे वाक्य आधी कुणी वापरलं ते ठाऊक आहे ना? १९३९ साली जर्मनीत आयझेनाखला प्रॉटेस्टंट मंडळींनी चर्चमधून ज्यू प्रभाव ‘पुसायला’ खास संस्थाच काढली होती. तिचे वॉल्टर ग्रुंडमान हेच पटवत बसले होते. आणि योहानाच्या शुभवर्तमानात, चौथ्या अध्यायात, शेजारच्या शोमरोन मुलखातली बाई विहिरीवर याच गालीलकराला ‘तुम्ही यहुदी असून माझ्याकडे पाणी कसं मागता’ म्हणते. तिच्या लेखी तो शब्द जिल्ह्याचा नव्हता.

भुईकोट:
माझा हेतू तसा नव्हता. कोशातलं सांगत होतो. मात्र त्या कोशावरही हाच आक्षेप आला होता, ते मान्य.

जुना खिळा:
शुद्ध मराठी हवं तर ‘यहुदी’. ‘ज्यू’ ही इंग्रजांची देणगी.

एरंडाचं गुऱ्हाळ:
आणि ‘यहुदी’ काय ज्ञानोबांच्या अंगणात उगवला? फारसी-अरबीतूनच आला. फक्त आधीच्या गाडीनं आला, म्हणून खिडकीची जागा. गोव्यात ‘जुदेव’ म्हणतात, ती पोर्तुगीज गाडी. आता हिंदी बातम्या ऐकून पोरं ‘फिलिस्तीनी’ही म्हणू लागलीत.

रेवदंडेकरीण:
माझ्या आजीला ‘यहुदी’ म्हटलेलं खपायचं नाही. ‘यहुदी ते भायखळ्याचे बगदादी. आपण इस्रायल.’ म्हणजे आम्ही कोकणातले बेने इस्रायल ज्यू. गावात आम्ही शनवार तेली, कारण शनिवारी घाणा बंद. आडनावं सगळी कर-वाली, शेजाऱ्यांसारखीच. वेल म्हणते की ‘कर’ लावला की भांडण मिटतं. आमचं नाही मिटलं. इस्रायलला गेलेल्या आमच्या लोकांना साठच्या दशकात तिथले रब्बी लग्न लावून देताना विचारत, तुम्ही नक्की ज्यू ना? मोर्चे काढावे लागले. १९६४ मध्ये सरकारनं स्पष्ट सांगितलं की हे इतरांसारखेच ज्यू. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला प्रमाणपत्र वाटणारे जिवंत माणसाचं कसं अडवतात, ते आम्हाला विचारा.

नागपुरी संत्रं:
अवांतर, पण राहवत नाही. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपले परराष्ट्रमंत्री बुद्धाला थोर भारतीय म्हणाले आणि नेपाळ खवळला. शेवटी आपल्या खात्यानं खुलासा केला की जन्म नेपाळातल्या लुंबिनीचा, यात वाद नाही. लुंबिनीच्या खांबावर अशोकानं काय कोरलंय? ‘हिद बुधे जाते सक्यमुनी’, आणि लुंबिनी गावाला करमाफी. कूळ आणि गाव. देशाचं नाव नाही.

वसईची वेल:
म्हणजे लुंबिनीकर!

नागपुरी संत्रं:
ताई, हलकं घेतो. पण आमच्याकडे ‘शाक्य’ म्हणतात, ते कुणी गावावर मारून नेऊ नये.

शाईचा डाग:
पुरवणी गेली छापायला. संपादकांनी वाक्यच काढलं. आता लेखात येशू थेट गाढवावर बसून जेरुसलेमात शिरतो, कुठून आला ते नाही. सगळ्यांचे आभार, धागा चालू ठेवा.

जुना खिळा:
त्या पाटीचं मात्र कुणी पुरतं सांगितलं नाही. योहान म्हणतो, ती तीन भाषांत होती, हिब्रू, लॅटिन, ग्रीक. मुख्य याजकांनी हरकत घेतली की ‘यहुद्यांचा राजा’ असं लिहू नका, ‘मी यहुद्यांचा राजा आहे असं हा म्हणाला’ असं लिहा. रोमन अधिकारी पिलात म्हणाला, मी लिहिलं ते लिहिलं. असा संपादक आम्हाला चाळीस वर्षांत भेटला नाही.

एरंडाचं गुऱ्हाळ:
खिळेकाका, तुम्ही वर ‘यहुदी’ लिहिलंत. बायबल सोसायटीच्या प्रतीत ‘हू’ दीर्घ आहे ना?

रेवदंडेकरीण:
तो वाद पुढच्या धाग्यात. मला आधी हे सांगा, आमची मंडळी सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणायची. पुण्यात तशाच एका सिनेगॉगचं लोकांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ झालं. मग मुंबईतलं मशीद स्टेशन आमच्या मशिदीवरून पडलं म्हणतात, त्याला कुणाकडे काही आधार आहे का? सॅम्युएल स्ट्रीटवरची आमची पहिली मशीद १७९६ ची, तिथून स्टेशन चालत पाच-सात मिनिटं.