मदत हवी आहे: 'द बुल-डॉगर' (१९२२) या हरवलेल्या मूकपटाचं कथानक कुठे मिळेल?

मंडळी,

बिल पिकेट या कृष्णवर्णीय काउबॉयवर लेख लिहायला घेतलाय आणि एका जागी गाडी अडली आहे. त्याच्या 'द बुल-डॉगर' या मूकपटाचे आज फक्त काही तुकडे उरलेत. रोडिओचे, म्हणजे काउबॉयांच्या कसरतींचे, खेळ त्यांत बघायला मिळतात, पण त्यांना जोडणारी गोष्ट काही हाती लागत नाही.

पिकेटचा जन्म १८७० चा, टेक्सासमधला. गुरं राखणारा कुत्रा दांडग्या जनावराचा ओठ चावून त्याला जागीच थोपवतो, हे त्याने लहानपणी पाहिलं आणि पुढे तेच स्वतः करू लागला. भरधाव घोड्यावरून बैलाच्या अंगावर झेप घ्यायची, शिंगं धरून मान पिरगाळायची आणि वरचा ओठ दातांत पकडून त्याला आडवा पाडायचा. हेच बुलडॉगिंग. आजच्या रोडिओतही हा खेळ आहे, चावणं तेवढं गेलं. ओक्लाहोमातल्या '१०१ रँच' या गुरं पाळण्याच्या मोठ्या जागेचे मालक मिलर बंधू, त्यांच्या खेळांत त्याने मोठं नाव कमावलं.

निर्माता रिचर्ड नॉर्मन स्वतः गोरा, पण चित्रपट काढायचा ते कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी. या मूकपटाचं चित्रण ओक्लाहोमातल्या बोली या कृष्णवर्णीयांच्या गावात झालं. सोबत अनिता बुश ही रंगभूमीवरची अभिनेत्री होती. तिच्यासारखी नटी घेतली म्हणजे नुसते खेळ दाखवायचे नव्हते, असं मला वाटतं. पण अंदाजावर कथानक रचून लेखात घालणं मला पटत नाही.

नॉर्मनची कागदपत्रं ब्लूमिंग्टनला, इंडियाना विद्यापीठाच्या लिली लायब्ररीत आहेत. तिथे शिकणारं किंवा जवळपास राहणारं कुणी आहे का? कथासार, मूकपटात मधेमधे दिसणाऱ्या लिखित पाट्यांचा मजकूर, थिएटरवाल्यांना पाठवलेली जाहिरातपत्रकं, यांपैकी काहीही चालेल.

फोटो सापडले तर मागे लिहिलेलं जसंच्या तसं उतरवून घ्या, प्लीज. अमेरिकेच्या टपाल खात्याने पिकेटवर तिकीट काढलं, तेव्हा त्यावर चुकून त्याच्या भावाचा, बेनचा चेहरा छापला गेला होता. १९९४ मध्ये ते बदलावं लागलं. एवढ्या मोठ्या खात्याची फसगत होते, तर नाव नसलेल्या फोटोवर मी कसा विश्वास ठेवू?

तिथे जाणं जमणार नसेल, पण अशा संग्रहातून घरबसल्या प्रती कशा मागवायच्या हे माहीत असेल, तरी सांगा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलात तरी चालेल.