बी-२०३ ची गाडी आणि टाकीचं झाकण

ए-१०१ (सेक्रेटरी): बी-२०३, तुमची गाडी पाण्याच्या टाकीच्या झाकणावर उभी आहे. उद्या सकाळी आठला टाकी धुणारे येतात. आज रात्रीपर्यंत हलवावी. जमल्यास धुवावी पण. जीए-०५ च्या पुढचं काहीच वाचता येत नाही.

सी-३०२ (धाकटी): अय्या, काका-काकू आले??? कधी?

बी-२०३ (काका): काल रात्री साडेदहा. ३० दिवस, ३,२४० किमी, पंक्चर एक. गाडी आमच्याच जागेवर लावणार होतो, तिथे कोणाची तरी स्कूटर होती.

सी-३०२ (धाकटी): 🙈 माझी. लगेच काढते. पण काकू, आधी सांगा ना कसं झालं! आम्हा दोघांना डिसेंबरात हाच रूट करायचाय, दहा दिवसांत.

बी-२०३ (काकू): दहा दिवसांत?? अगो बाय, लग्नाला वर्ष तरी होऊ दे.

ए-३०३ (आजोबा): कुठे गेला होता ते तरी सांगा. मला वाटलं मुलाकडे पुण्याला.

बी-२०३ (काका): फोंडा, मडगाव, काणकोण करत ६६ नंबरच्या हायवेने थेट कन्याकुमारी. हा हायवे पनवेलला सुरू होतो आणि तिथे संपतो. आयुष्यभर आपल्या गोव्यातून जातो, म्हटलं एकदा शेवट बघून यावा. मग रामेश्वर, तंजावर, उटी, म्हैसूर, हुबळी आणि अनमोड घाटाने परत. फास्टॅगचा वार्षिक पास आधीच काढला होता. दोनशे फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. ज्यांच्या खाजगी गाड्या आहेत त्यांनी जरूर काढावा. राज्यांच्या रस्त्यांवर मात्र तो चालत नाही.

बी-२०३ (काकू): झालं ह्यांचं प्रवासवर्णन. आता खरं मी सांगते.

पहिला तमाशा घरापासून दोन तासांवर. मी आगळ घेतलं होतं, सोलकढीसाठी कोकमाचा खारवलेला रस. महिनाभर तिच्याशिवाय ह्यांचं पोट चालत नाही. घरात रिकामी बाटली कुठली सापडली, तर ह्यांच्या मित्राने दिवाळीला दिलेली. लेबल तसंच. कर्नाटकच्या हद्दीवर आपल्या नंबरची गाडी दिसली की डिकी उघडायला लावतातच, गोव्याची दारू नेता का म्हणून. उघडली. बाटली हातात घेऊन तो माणूस आमच्याकडे बघतोय, आणि मी ‘आगळ आगळ’ म्हणतेय. त्याला वाटलं ब्रँडचं नाव! शेवटी त्याने झाकण उघडून बोट बुडवून चाखलं. तुम्हाला माहितीच आहे नुसतं आगळ कसं असतं, आंबट आणि खारट. त्याचं ते तोंड मी जन्मात विसरणार नाही.

ए-३०३ (आजोबा): 😂😂 नेऊ दिलं का पण?

बी-२०३ (काका): दिलं. लेबल मात्र तिथेच नखांनी खरवडून काढायला लावलं. वीस मिनिटं गेली. मी आधीच सांगितलं होतं, प्लास्टिकच्या बाटलीत भर.

बी-२०३ (काकू): सांगितलं नव्हतं.

बी-२०४ (वैनी): सांगितलं नव्हतं, मी होते तिथे.

सी-३०२ (धाकटी): 😅 आणि छान काय वाटलं सगळ्यात?

बी-२०३ (काकू): मरवंते. कुंदापूरच्या अलीकडे. उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला सौपर्णिका नदी आणि मधून आपला रस्ता. सकाळी सातला पोचलो. ह्यांनी गाडी कडेला घेतली, थर्मासमधला चहा ओतला आणि तासभर एक शब्द बोलले नाहीत. चांगल्या अर्थाने हं. कोचीनंतर जे बोलले नाहीत ते वेगळं.

सी-३०२ (धाकटी): कोचीनंतर काय??

बी-२०३ (काका): काही नाही.

बी-२०३ (काकू): सांगतेच. केरळात ६६ रुंद करायचं काम चाललं होतं. कासरगोड सोडलं की मैलोन् मैल डायव्हर्शन आणि लाल धूळ. पन्नास किलोमीटरला दोन-अडीच तास. हे घरून निघताना कागदावर लिहून आलेले, रोजचे अमुक किलोमीटर म्हणजे अमुकच. एका संध्याकाळी आलप्पुळाजवळ फोन म्हणाला डावीकडे वळा, हे वळले. मी म्हणत होते, त्या दुकानात विचारू या. नाही. पुढे रस्ता गाडीएवढाच रुंद, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी घराची पायरी. पायरीवर एक बाई मासे साफ करत बसलेली. तिने आधी स्वतः उठून जागा दिली, मग मांजर उचललं, मग टोप आत नेला, आणि शेवटी हाताने ‘पुढे पाणी आहे’ अशी खूण केली. अर्धा किलोमीटर रिव्हर्स! काळोखात! मी खाली उतरून पुढ्यात बॅटरी धरून चालतेय आणि हे आतून ओरडताहेत, ‘उजेड डोळ्यात मारू नकोस!’

त्यानंतर कोल्लमपर्यंत गाडीत फक्त इंडिकेटरचा आवाज.

बी-२०३ (काका): गाडीला एक ओरखडा नाही, हे कोणी विचारत नाही.

ए-१०१ (सेक्रेटरी): ओरखडा आहे की नाही ते गाडी धुतल्याशिवाय कळणार नाही. टाकीचं लक्षात ठेवा.

सी-३०२ (धाकटी): काकू, बाथरूमचं कसं केलंत? मला तीच भीती.

बी-२०३ (काकू): हे चांगलं विचारलंस. पुरुष हे कधी लिहीत नाहीत. कर्नाटक किनाऱ्यावर मोठे पेट्रोल पंप बरे, पण किल्ली ऑफिसातून मागावी लागते, लाजू नकोस. केरळात हॉटेलात चहा घे आणि बिनधास्त विचार, स्वच्छ असतं. तामिळनाडूत गाव सोडण्याआधी जाऊन घे, मध्ये लांबलांब काही नाही. पाणी कमी पिऊन बसू नकोस. मी बसले दोन दिवस आणि रामेश्वरात ताप काढला. आमचा सगळ्यात वाईट दिवस खरं तर तो, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. लॉजचं पांघरूण, पॅरासिटामॉल आणि बाहेर धो धो पाऊस.

ए-३०३ (आजोबा): नोव्हेंबरात पाऊस?

बी-२०३ (काका): ही चूक माझी. आपल्याकडे दसरा झाला की छत्री माळ्यावर. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच खरा पावसाळा, ईशान्य मोसमी वारे. शाळेत शिकलो होतो, पेपरात लिहिलं होतं, मार्क मिळवले होते. धनुष्कोडीला वाऱ्याने गाडीचं दार उघडेना. १९६४ च्या डिसेंबरातल्या वादळात ते गाव गेलं, रेल्वेगाडीसकट. चर्चच्या उरलेल्या भिंतींपाशी दहा मिनिटं उभे राहिलो आणि परत फिरलो. ही तापात गाडीतच होती. तिच्यासाठी फोटो काढले, सगळे करडे आले.

सी-३०२ (धाकटी): मग डिसेंबरात आम्ही...?

बी-२०३ (काका): जानेवारीत जा. आणि उटीचा ई-पास घरूनच काढा, मे २०२४ पासून सक्तीचा आहे. आम्ही नाक्यावर उभं राहून काढला. ओटीपी हिच्या फोनवर, आणि रेंज माझ्या फोनला. उटीहून म्हैसूरला उतरताना मुदुमलै-बंदीपूरचा जंगलातला रस्ता रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतो. आम्हाला उशीर झाला, गुडलूरला मुक्काम पडला.

बी-२०४ (वैनी): ते सगळं राहू द्या. किल्लीचं सांगा! मला चार दिवस झोप नव्हती.

ए-१०१ (सेक्रेटरी): कसली किल्ली?

बी-२०३ (काका): हा मेसेज डिलीट केला आहे

बी-२०३ (काकू): डिलीट करून काय होतंय! ऐका. तंजावरपासून तेरा किलोमीटरवर तिरुवैयारू, कर्नाटक संगीतातल्या संत त्यागराजांची समाधी आहे कावेरीच्या काठी. ह्यांची केव्हापासूनची इच्छा. दर्शन झालं, घाटावर उतरले, कावेरीचं पाणी ओंजळीत घ्यायला वाकले, आणि शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली बुडुक. वरच्या पावसाने नदी भरलेली, गढूळ. दोन पोरांनी बुड्या मारल्या. एकाला स्टीलचा पेला मिळाला, एकाला कोणाचा तरी दात.

कपडे, औषधं, आगळ, सगळं गाडीत. गाडी कुलूपबंद. आणि दुसरी किल्ली फोंड्यात, आमच्या फ्रीजवरच्या वाडग्यात.

बी-२०४ (वैनी): वाडग्यात नव्हती. वाडग्यात रबरबँड, विजेची बिलं आणि एक सुकलेलं लिंबू. किल्ली मिळाली देवघरातल्या उदबत्तीच्या डब्यात.

बी-२०३ (काकू): ते मीच ठेवलं होतं, सुरक्षित म्हणून. ह्यांना आजवर सांगितलं नव्हतं. वैनी!!

बी-२०३ (काका): नोंद घेतली.

सी-३०२ (धाकटी): पण तिथेच बनवून मिळत नाही का किल्ली?

बी-२०३ (काका): दार उघडून मिळतं. दुसऱ्या दिवशी एक किल्लीवाला सायकलवरून आला, पाच मिनिटांत उघडलं, सामान निघालं. पण हल्लीच्या किल्लीत चिप असते. ती गाडीने ओळखली नाही तर इंजिन सुरू होत नाही. तिचा जोड करायचा तर कंपनीकडे जा, कागद दाखवा, आठ-दहा दिवस थांबा. त्यापेक्षा कुरियर बरं.

बी-२०४ (वैनी): मी बाजारातून तशीच कुरियरवाल्याकडे गेले. तो म्हणाला, नुसती किल्ली पाकीट फाडून बाहेर पडेल. मग जत्रेचं खाजं होतं घरी, त्या पुडीत मधोमध घातली आणि वरून चिकटपट्टी.

बी-२०३ (काकू): चौथ्या दिवशी पोचलं. खाज्याचा पार चुरा आणि आत किल्ली, आल्या-गुळाच्या वासाची. लॉजच्या पायरीवर बसून दोघांनी तो चुरा बोटांनी खाल्ला. तोवर अठ्ठावीस इडल्या झाल्या होत्या, मी मोजत होते.

ए-३०३ (आजोबा): चार दिवस करत काय होता?

बी-२०३ (काकू): आजोबा, तेच चार दिवस सांगण्यासारखे. गाडी घाटाजवळ, एका फूलवालीच्या टपरीपाशी. ती राखत होती. रोज एकदा बसने जाऊन गाडी बघून यायचं, तिच्याकडून गजरा घ्यायचा, बसने परत. पहिल्या दिवशी अंगावरच्या कपड्यांवर होतो, म्हणून मी सुती साडी घेतली आणि ह्यांनी वेष्टी. ती काही ह्यांना नेसता येईना. बसमधून उतरताना एक हात दांडीला, एक कमरेला. माझ्याकडे व्हिडिओ आहे.

बी-२०३ (काका): नाही आहे.

बी-२०३ (काकू): आहे. आणि दुपारभर बृहदीश्वराच्या आवारात. ते देऊळ राजराज चोळाचं, १०१० सालचं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. पण मागच्या बाजूला, नैऋत्य कोपऱ्याकडे जा. भिंतीवर ओळीच्या ओळी कोरलेल्या, आणि अक्षरं आपली! मराठी! सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसल्यांचा सगळा इतिहास कोरून ठेवलाय. तीन आठवडे एक पाटी वाचता येत नव्हती, बसवरचं नावसुद्धा विचारावं लागत होतं. मी बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागले, पहिलीतल्या मुलासारखी.

बी-२०३ (काका): व्यंकोजींनी १६७५ च्या सुमारास तंजावर घेतलं, १८५५ पर्यंत मराठे राजे तिथे होते. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. आत एक दिवस पुरला नाही.

बी-२०३ (काकू): हे वाचताना मागून आवाज आला, ‘कुठले तुम्ही?’ मराठीत. वळून बघते तर एक आजी, हातात नारळाची पिशवी. गोवा म्हटल्यावर त्यांना नीट कळलं नाही, मंगेशी म्हटल्यावर कळलं. त्यांचं मराठी कसं सांगू, शब्द माझ्या पणजीचे आणि हेल तमिळ. घरी घेऊन गेल्या. तिकडच्या मराठी घरांत रसम म्हणत नाहीत, सार म्हणतात. केळीच्या पानावर भात, सार आणि डांगर पचडी. उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं, वर फोडणी. आपलंच डांगर की! ह्यांनी तीनदा मागून घेतलं. मी गाडीतलं आगळ आणून दिलं त्यांना. बाटलीवर लेबल नाही हे बरं झालं.

निघताना त्यांनी माझा हात धरून विचारलं, ‘आता कधी?’ मी म्हटलं, येऊ. येणं कुठलं होतंय. गाडीत बसून जरा रडले मी. ह्यांनी वायपर लावले, पाऊस नव्हता तरी.

ए-३०३ (आजोबा): 🙏

सी-३०२ (धाकटी): काकू...

बी-२०३ (काका): पाऊस होता थोडा.

बी-२०४ (वैनी): मान हलवणारी बाहुली आणली ना माझ्यासाठी? तंजावरची?

बी-२०३ (काकू): आणली. घरापर्यंत डॅशबोर्डवर होती. हे काहीही बोलले की मान हलवायची. बरं वाटत होतं त्यांना. संध्याकाळी ये. आणि येताना पोदेराकडून दहा पाव घेऊन ये, परत इडली दिसली तर मी घर सोडीन. काल मोलेत उतरून आधी पातळभाजी-पाव खाल्ला, मग घाट उतरल्याचं समाधान.

सी-३०२ (धाकटी): आम्ही दहा दिवसांचा प्लॅन बदलतोय. फक्त तंजावर आणि कुंभकोण. काकू, त्या आजींचा पत्ता द्याल?

बी-२०३ (काकू): वैयक्तिक पाठवते. जाताना कोकमं ने. आणि दोन्ही किल्ल्या ने, दोघांच्या दोन खिशांत.

ए-१०१ (सेक्रेटरी): सर्व छान. गाडी अजून झाकणावरच आहे. टाकीवाल्यांनी आत्ताच फोन केला, ते उद्या साडेसातलाच येतात.

बी-२०३ (काका): आत्ता हलवतो. किल्ली सापडत नाही. फ्रीजवरचा वाडगा बघितला, उदबत्तीचा डबापण बघितला.

बी-२०४ (वैनी): देवा!!

बी-२०३ (काकू): कावेरीपासून माझ्या पर्सला पिनेने टाचलेली आहे. मी खाली गाडीपाशीच उभी आहे कधीची. येताना बादली आणि फडकं घेऊन या.