मेंदूज्वरानंतर कॉक्लिअर इम्प्लांट : रोबोटिक ड्रिलिंगसाठी थांबावे का?

नमस्कार,

मेंदूज्वरातून बरे झाल्यावर माझ्या धाकट्या काकांना दोन्ही कानांनी ऐकू येणे बंद झाले आहे. त्यांचे वय 46 असून येथे सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत त्यांचा चादरींचा कारखाना आहे. माग चालू आहे की थांबला, हे ते आता त्यावर हात ठेवून ओळखतात. श्रवणयंत्राचा काही उपयोग झाला नाही. पुण्याच्या ईएनटी सर्जननी कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात इलेक्ट्रोडची बारीक तार बसवून ऐकण्याच्या नसेला थेट विद्युत संकेत देणारे उपकरण) सुचवले आहे आणि वेळ दवडू नका असे बजावले आहे, कारण या आजारानंतर कॉक्लियाच्या, म्हणजे आतल्या कानातील शंखासारख्या भागाच्या, पोकळीत हाड धरू लागते व मग इलेक्ट्रोड आत सरकवणे अवघड होते. एमआरआयमध्ये डाव्या कॉक्लियातील द्रव कमी झालेला दिसतोच आहे.

परदेशातील आतेभावाचा मात्र आग्रह आहे की, रोबोटने ड्रिलिंग होण्याची सोय होईपर्यंत थांबावे.

माझ्या वाचनानुसार, नेहमीच्या शस्त्रक्रियेत कानामागचे मास्टॉइड हाड बरेच कोरून वाट मोकळी करतात, तर रोबोटिक पद्धतीत सुमारे 1.8 मिमी व्यासाचा एकच सरळ बोगदा आतल्या कानापर्यंत नेतात. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या गटाने अशा पहिल्या शस्त्रक्रियेचा अहवाल 2017 मध्ये प्रसिद्ध केला. हा बोगदा चेहऱ्याची नस आणि जिभेची चव वाहून नेणारी कॉर्डा टिंपनी ही नस यांच्यामधल्या जेमतेम 2.5 मिमीच्या फटीतून जातो, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही परवडत नाही. म्हणून आधी हाडात बारीक स्क्रू बसवून सीटी काढतात, त्यावर मार्ग आखतात, उष्णतेने नस दुखावू नये यासाठी पाणी सोडत टप्प्याटप्प्याने कोरतात आणि नस जवळ येताच विद्युत स्पंद देऊन अंतर तपासतात.

माझी अडचण पुढे आहे. काकांच्या एचआरसीटी (कानाच्या हाडाचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन) रिपोर्टमध्ये फेशियल रिसेस, म्हणजे हीच फट, अरुंद असल्याचे लिहिले आहे. आतेभावाच्या मते म्हणूनच रोबोट हवा; मला नेमके उलटे वाटते, कारण दोन्ही नसांपासून सुरक्षित अंतर ठेवून मार्ग आखता आला नाही तर यंत्राने कोरायचेच नसते, हातानेच करावे लागते. शिवाय कॉक्लियाच्या तोंडाशी हाड धरले असेल, तर ते काढण्यासाठी इतक्या अरुंद बोगद्यातून सर्जनला हत्यार वळवायला जागा तरी उरेल का? चीर लहान राहील हे मान्य, पण ऐकू येणे शेवटी इलेक्ट्रोड कसा बसतो आणि नंतरचे मॅपिंग (उपकरणाचे संकेत रुग्णाला सोसतील व ऐकू येतील असे जुळवणे) किती चिकाटीने होते यावरच ठरेल, असे माझे मत आहे.

कानाच्या शस्त्रक्रियेतील जाणकारांनी, तसेच मेंदूज्वरानंतर इम्प्लांट केलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांनी कृपया सांगावे : माझा हा तर्क बरोबर आहे का, आणि अरुंद फेशियल रिसेस असताना हाताने केलेल्या शस्त्रक्रियेपूर्वी सर्जनना कोणते प्रश्न विचारावेत?