दादाला जास्त ताक! तुमच्या घरचे अनुभव लिहा

धाकटी ५ वर्षांची. तिच्यासमोर दोन सारख्या पेल्यांत सारखंच ताक ओतलं, तेव्हा तक्रार नव्हती. दादाचं ताक उंच, अरुंद ग्लासात ओतलं आणि रडारड सुरू झाली, "दादाला जास्त!" परत पेल्यात ओतलं तर "आता सारखं." पुन्हा ग्लासात, पुन्हा "जास्त." मी हट्ट समजून रागावले, त्याचं वाईट वाटतं. डी.एड.ला वाचलेला पियाजे नंतर आठवला. या स्विस मानसशास्त्रज्ञानं नेमकं हेच मुलांसमोर करून पाहिलं होतं. साधारण सातव्या वर्षापर्यंत मुलाची नजर उंचीवरच अडकते, रुंदी कमी झालेली हिशेबात येत नाही. तुमच्याकडे काय घडलं?

*आजी, जुळे सोलापूर*
आमच्या नातवाला अर्ध्या भाकरीचे चार तुकडे करून दिले की खूश. ताईकडं अख्खी अर्धी, तरी म्हणायचा, "मला चार, तिला एकच." वर्षभर असंच चाललं बघा. परवा ताटाकडं बघून म्हणाला, "आजी, ही अर्धीच की!" शेंगाचटणी वाढता वाढता हात थांबला माझा.

*अंगणवाडी सेविका*
सहा-सहा चिंचोक्यांच्या दोन रांगा मांडते. एक पसरली की बरीच मुलं तिच्यात जास्त आहेत म्हणतात. पण आपण तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला की पहिलं उत्तर चुकलं, असंही लेकरांना वाटत असणार. १९७४ मध्ये मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी खोडकर टेडीकडून, म्हणजे खेळण्यातल्या अस्वलाकडून, रांग विस्कटवली, तेव्हा कितीतरी जास्त मुलांनी "सारखेच" सांगितलं. तेव्हापासून माझ्याकडं रांग कापडी वाघच विस्कटतो. फरक पडतो, माझा अनुभव आहे. मुलाला "येत नाही" असं लिहिण्याआधी आपण कसं विचारलं ते बघावं, ही कळकळीची विनंती.

*किराणा दुकानदार, मुलगा ८ वर्षांचा*
कणकेचा गोळा लाटल्यावर म्हणाला, "कणीक तेवढीच, पण हलकी झाली." काट्यावर ठेवून दाखवलं. त्यानं पोळीचा परत गोळा केला, स्वतः तोलला, तीनदा. वजनाची समज ९-१० वर्षांच्या सुमारास येते म्हणतात. मी घाई केली नाही.

*आई, विडी घरकुल*
आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. आलं की ६ वर्षांची पोरगी कळशीनं हंडा भरू लागते. तिला ताकाचं विचारलं तर म्हणाली, "तेवढंच हाय, गिलास बारीक हाय." कुणी शिकवलं नव्हतं.

*धागा सुरू करणारी*
विडी घरकुलच्या ताई, मेक्सिकोतल्या कुंभारांच्या मुलांबद्दल १९६९ मध्ये असंच नोंदवलंय. मातीच्या गोळ्याचा आकार बदलला तरी माती तेवढीच राहते, हे त्यांना इतर मुलांपेक्षा लवकर कळत होतं. म्हणून काल ताक धाकटीलाच ओतायला दिलं. पेल्यातून ग्लासात, ग्लासातून पेल्यात, ओटा सगळा ताकानं भरला. शेवटी ग्लासाकडं बराच वेळ बघत राहिली. "दादाला जास्त," म्हणाली, पण रडली नाही. आणि परत ओतायला मागितलं.