मदत हवी आहे: पक्षाघातानंतर व्यायामात हात चालतो, एरवी मांडीवरून हलत नाही

नमस्कार मंडळी,

आईला (वय ६१) साडेचार महिन्यांपूर्वी पक्षाघात झाला. मेंदूच्या उजव्या बाजूला गुठळी अडकली आणि शरीराची डावी बाजू लुळी पडली. सुरुवातीला कुशीवरसुद्धा वळता येत नव्हतं. आता काठी घेऊन घरातल्या घरात चालते. डावं पाऊल लोंबतं म्हणून बुटात एएफओ (घोटा-पाऊल सरळ धरणारा आधार) घालते. बोलणं, गिळणं व्यवस्थित आहे.

अडलंय ते हातापाशी. आठवड्यातून तीनदा फिजिओ येतात. त्यांच्यासमोर ती डावा हात खांद्यापर्यंत उचलते, मनगट थोडं वर करते, पेला धरते आणि सोडतेही (सोडायला वेळ लागतो). फिजिओ दाराबाहेर पडल्या की तो हात मांडीवर येऊन पडतो, तो त्या पुन्हा येईपर्यंत. पांघरूण ओढणं, दार लोटणं, सगळं उजव्याने. मी म्हटलं, "आई, डावा वापर ना," तर म्हणते, "तो आत्ता नको." जणू त्याची ड्यूटी संपली.

किती मागे लागायचं, हेच कळत नाही. चांगला हात बांधून ठेवण्याची एक पद्धत आहे म्हणे, ती घरी करावी का? भावाने मऊ चेंडू आणून दिलाय, दिवसभर दाबत बस म्हणतो. मला तर मूठ आणखी घट्ट झाल्यासारखी वाटते. खुर्चीवरून उठताना सगळा भार उजव्या पायावर, त्यामुळे मी बगलेत हात घालून उचलते. आणि कुणीतरी सांगून गेलंय की सहा महिन्यांनंतर सुधारणा थांबते. तेव्हापासून मी कॅलेंडरच बघत बसलेय.

प्रतिसाद १

कॅलेंडर आधी उलटं करून ठेवा. माझी उजवी बाजू गेली होती, त्याला तीन वर्षं झाली. पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो हे खरं, पण शर्टाचं वरचं बटण मला दुसऱ्या वर्षी लावता आलं.

"तो आत्ता नको" म्हणजे आळस नव्हे हो. लुळा हात हलवायला प्रत्येक वेळी मनात आधी वाक्य जुळवावं लागतं, आता कोपर, आता मनगट, आता बोटं. तेवढ्यात चांगला हात काम उरकून मोकळा होतो. असं शंभरदा झालं की मेंदू त्या हाताला हाक मारणंच सोडतो.

आमच्या घरी एक युक्ती चालली. माझ्या खोलीतल्या दिव्याचं बटण फक्त उजव्या हाताचं, असं ठरवलं. बाकी काही करायचं नाही, पण तेवढं दुसऱ्या कुणी करायचंही नाही. दोन-दोन मिनिटं मी भिंतीशी झटत असायचो आणि बायको अंधारात उभी. तिने एकदाही दिवा लावून दिला नाही, ही तिची कमाल.

आईंना थकवा येत असेल तर असली कामं सकाळी ठेवा. संध्याकाळी माझा हात लाकूड व्हायचा.

प्रतिसाद २

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आईंना पाहिलेलं नाही, त्यामुळे हे तुमच्या फिजिओंना दाखवूनच करा.

बगलेत हात घालून उचलणं आजपासून बंद. खांद्याचे स्नायू दुबळे असतात तेव्हा सांधा खाली सरकू शकतो. ओढाताण झाली की जे दुखणं लागतं ते महिनोन् महिने हात हलवू देत नाही. उठवायची रीत अशी: खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे सरकायचं, दोन्ही टाचा गुडघ्यांच्या मागे घ्यायच्या, डावं पाऊल उजव्याहून थोडं मागे. मग नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि उठायचं. मागचा पाय भार घेतोच, त्याला टाळता येत नाही. जमत नसेल तर बैठक उंच करा आणि सवय होईल तशी कमी करत न्या. तुम्ही डावीकडे उभ्या राहा, आधार कमरेला द्या.

चेंडूबद्दल तुमची शंका रास्त आहे. मूठ आपसूक वळतेच, शिकायचंय ते उघडणं. पेला सोडायला वेळ लागतो ना? मग सराव सोडण्याचाच करा.

हात बांधण्याची पद्धत एडवर्ड टॉब यांच्या माकडांवरच्या प्रयोगांतून आली. एका हाताची संवेदना गेलेली माकडं तो हात वापरणंच सोडून देत. चांगला हात अडकवला की वापरू लागत. रुग्णांसाठीच्या मूळ पद्धतीत चांगल्या हातात जाड मिटन (बोटं वेगळी नसलेला मोजा) घालतात, दोन आठवडे, जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ, आणि सोबत रोज कित्येक तास सराव. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्साइट' चाचणीत पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते, आणि त्यांत या पद्धतीचा फायदा दिसला. म्हणजे सहा महिन्यांची कुंपणरेषा तिथेच ओलांडली गेली. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी तरी वर उचलता यावी लागतात, आईंना मनगट जमतंय. पण घाई नको: त्यांची काठी उजव्या हातात आहे. तोच हात अडकवला तर पडतील. फिजिओंशी बोलून, फक्त बसलेल्या असताना, थोडा वेळ.

कपडे घालताना आधी डावा हात, काढताना शेवटी डावा. हेही त्यांना स्वतःला करू द्या, उशीर झाला तरी.

प्रतिसाद ३

एक विचारू? चालताना आई डावीकडच्या चौकटीला धडकतात का? डावीकडून कुणी बोललं तर उजवीकडे बघतात?

धागाकर्ती

हो! चौकटीला खांदा लागतो. आम्हाला वाटायचं, काठीमुळे होतं.

प्रतिसाद ३

मग फिजिओंना हे नक्की सांगा, आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांनाही. उजव्या मेंदूला इजा झाली की कधी कधी डोळे ठीक असूनही डावीकडचं जग लक्षातून निसटतं. त्यात स्वतःचा हातही आला. माझ्या सासऱ्यांचं हेच होतं, आणि आम्ही त्यांना हट्टी म्हणत राहिलो. आईंच्या डाव्या बाजूला बसून बोला. चष्मा, मोबाइल डावीकडे ठेवा, पण हाताच्या टप्प्यात. तोल जाईल इतकं लांब नको.

धागाकर्ती (तीन आठवड्यांनी)

फिजिओंनी कागदावरच्या रेघा खोडायला दिल्या, तर आईने डावीकडच्या सात तशाच सोडल्या. बघून पोटात गोळा आला. पण आता निदान भांडण कशाशी आहे ते कळलंय.

भावाचा चेंडू कपाटात गेला. उठण्याचा सराव दिवसातून तीनदा, दर वेळी आठदा. मी नुसती बाजूला उभी राहते. माझे हात मदतीला पुढे जाऊ नयेत म्हणून ते पाठीमागे बांधून ठेवते. दिव्याचं बटण आईने नाकारलं, तिला पडदा हवा होता. सकाळी डाव्या हाताने पडदा सारते, अर्धाच सरकतो. उरलेला अर्धा तसाच राहतो दिवसभर, आम्ही कुणी हात लावत नाही.

मिटनबद्दल फिजिओ पुढच्या आठवड्यात ठरवणार आहेत. घरी कुणी तो वापरला असेल तर चिडचिड कशी सांभाळलीत, तेवढं लिहा.