नडगीच्या हाडाला चीर, सहा आठवडे धावणे बंद: या काळात दम कसा टिकवावा?

पहाटफेरी (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझे वय ४३ असून मी कोल्हापुरात शाळेत शिकवते. गेली चार वर्षे पहाटे रंकाळ्याभोवती आणि रविवारी शिवाजी विद्यापीठाच्या आवारात धावण्याचा माझा नेम आहे. जानेवारीतील अर्धमॅरेथॉनची, म्हणजे २१ किलोमीटरची, तयारी करताना मी घाई केली. आठवड्याचे २५ किलोमीटर तीन आठवड्यांत ४० वर नेले आणि त्यातच दोन वेळा पन्हाळ्याच्या उतारावर धावले. उजव्या नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्यापासून चार बोटे वर, एकाच जागी दुखू लागले. आधी धावून झाल्यावर दुखायचे, मग धावताना, आणि शेवटी शाळेचा जिना उतरतानाही. एका ठिकाणी दाखवले असता एक्स-रे पाहून स्नायू आखडल्याचे सांगण्यात आले, आणि मी आणखी दहा दिवस वेदनाशामक गोळ्या घेऊन धावत राहिले. पुढे दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी एमआरआय करायला लावले, त्यात हाडावर सतत ताण पडल्याने गेलेली बारीक चीर दिसली.

आता सहा आठवडे धावायचे नाही, दुखणार नाही इतकेच चालायचे, पोहणे आणि सायकल मात्र चालेल, असा सल्ला मिळाला आहे. मला सलग पंचवीस मीटरच्या पुढे पोहता येत नाही आणि पावसामुळे रस्त्यावर सायकल काढण्याची भीती वाटते. चार वर्षांत कमावलेला दम या सहा आठवड्यांत निघून जाईल, या विचाराने मन लागत नाही. पर्यायी व्यायाम नेमका कोणता, किती आणि कसा करावा, आणि त्याचा धावण्याला खरोखर उपयोग होतो का, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

पोटरी आणि टाच

ताई, मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि अशा दुखण्याचे धावपटू माझ्याकडे नेहमी येतात. आधी एक दिलासा देतो. एक्स-रेमध्ये काही न दिसणे यात आश्चर्य नाही, कारण अशी चीर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेवर बहुधा उमटतच नाही. नडगीच्या आतल्या कडेची चीर विश्रांतीने बरी होणाऱ्यांपैकी असते. नडगीचा पुढचा भाग, खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान किंवा पावलाचे मधले हाड असते, तर मी इथे काही सांगण्याऐवजी आपल्याला पुन्हा डॉक्टरांकडेच पाठवले असते.

व्यायाम पूर्ण थांबवला, तर साधारण दोन आठवड्यांनंतर दम कमी होऊ लागतो. सुरुवातीची घट मुख्यतः रक्तातील द्रवाचे प्रमाण कमी झाल्याने होते, आणि ती लवकर भरूनही निघते. हृदयाला आणि फुप्फुसांना काम मिळत राहिले, तर ते काम पायांनी रस्ता आपटून झाले की पाण्यात झाले, याने त्यांना फारसा फरक पडत नाही. म्हणून आपल्यासाठी पहिला पर्याय खोल पाण्यात धावण्याचा आहे, आणि त्याला पोहता येण्याची गरज नाही. कमरेला फोमचा तरंगता पट्टा बांधायचा, तळाला पाय लागणार नाहीत अशा ठिकाणी उतरायचे आणि जीवरक्षकाला आधी सांगून ठेवायचे. पाठ ताठ, मान मोकळी, छाती किंचित पुढे. गुडघा वर उचलून पाऊल खाली आणि मागे दाबायचे. नवखे लोक हाताने पाणी कापत पुढे सरकू लागतात किंवा पायांनी सायकल मारल्यासारखे करतात. हात धावतानासारखे कोपरातून हलवले आणि मुठी सैल मिटलेल्या ठेवल्या, की पायांवर खरे काम येते. पुढे सरकण्याचा वेग अगदी मंद असतो, त्याने निराश होऊ नये.

पाण्यात नाडीचे ठोके जमिनीवरच्यापेक्षा दहा ते पंधरांनी कमी पडतात, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळाचा आकडा बाजूला ठेवावा आणि श्वासावर जावे. सलग तीन-चार शब्दांपलीकडे बोलता येणार नाही, इतका जोर एक मिनिट लावायचा, मग अर्धा मिनिट हळू. असे दहा वेळा, आधी आणि नंतर दहा-दहा मिनिटे सावकाश. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस हे पुरे आहे.

कमरेइतक्या उथळ पाण्यात मात्र धावू नका. तिथेही पायांवर शरीराचे निम्मे वजन येते आणि आपल्या हाडाला आज ते नको आहे.

सायकल घरात किंवा जिममध्ये जागेवरचीच घ्यावी. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवावी, मिनिटाला ८५ ते ९० फेरे होतील इतकाच भार लावावा आणि सीटवरून उठून पॅडल मारू नये. नियम एकच: व्यायाम करताना, त्या रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चार बोटांच्या जागेवर दुखले, तर तो व्यायाम आज आपल्यासाठी नाही. हे कळायला हवे, म्हणून वेदनाशामक गोळी घेऊन व्यायाम करू नये.

चढउतार

मला दोन वर्षांपूर्वी हेच झाले होते, आणि मी जी चूक केली ती आपण करू नये, म्हणून सविस्तर लिहिते. मी सहा आठवडे पाण्यात आणि सायकलवर इतक्या नेटाने घाम गाळला, की पुन्हा धावायला लागले तेव्हा दम पहिल्यापेक्षा चांगला वाटत होता. पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर सहज झाले, दुसऱ्या आठवड्यात आठ. तिसऱ्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा कळ आली आणि आणखी दोन महिने गेले.

माझ्या फिजिओंनी नंतर समजावले ते मनावर कोरले गेले आहे. हाड दुरुस्त होताना आधी खराब झालेला भाग काढून टाकला जातो आणि मग नवे हाड भरले जाते. काढण्याचे काम काही आठवड्यांत होते, भरायला मात्र महिने लागतात. दुखणे थांबते तेव्हा भरण्याचे काम अजून चालूच असते. पाणी आणि सायकल हृदय राखतात, पण हाडाला आणि कंडरांना आपटण्याची सवय देत नाहीत. दम तयार असतो, पाय तयार नसतात, आणि आपण दमाचे ऐकतो. म्हणून पर्यायी व्यायामाचा खरा धोका परतीच्या दिवसांत असतो, असे माझे ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट एक बाई म्हणून सांगते. धावणे बंद आहे, वजन वाढेल, या भीतीने जेवण कमी करू नका. हाड भरायला अन्न लागते. नाचणीची भाकरी, दूध, डाळी, कडधान्ये, चालत असतील तर अंडी, हे सर्व पोटभर घ्या आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्या. पाळी अनियमित झाली असेल, तर वयाचा भाग समजून सोडून देऊ नका. डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण त्याचा हाडांशी थेट संबंध असतो.

लाल माती

माझे लहानपण तालमीत गेले, म्हणून थोडे लिहितो. पायाला लागलेल्या मल्लाला वस्ताद हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरू देत नसत, पण तालमीत येणे त्याला चुकत नसे. पाय बाजूला ठेवून जे जे करता येईल ते करायला लावत: बसून करेला (जड लाकडी मुद्गल) फिरवणे, दोराला लोंबकळणे, पोटाचे आणि पाठीचे व्यायाम. दुखापत एका पायाला झाली आहे, साऱ्या अंगाला नाही, ही त्यामागची समज होती, आणि ती मला आजही पटते. ताईंनी घरी पाठीवर झोपून कंबर उचलणे, कुशीवर झोपून पाय वर नेणे आणि पोटाचे व्यायाम दिवसाआड करावेत. खुबा बळकट असला की धावताना नडगीवरचा भार कमी होतो. बैठका मात्र आत्ता नकोत, कारण तालमीतल्या बैठका चवड्यांवर असतात आणि त्यांत सारा ताण पोटरीवर आणि नडगीवर येतो.

पोहायला शिकण्याचेही मनावर घ्या. वीरधवल खाडे २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला, तो आपल्याच कोल्हापूरचा. इथे पोहायला शिकवणारी जाणती माणसे शोधावी लागत नाहीत.

पहाटफेरी

सर्वांचे मनापासून आभार. काल पट्टा बांधून पहिल्यांदा खोल पाण्यात उतरले. पहिली पाच मिनिटे मी एका बाजूला कलंडतच होते, मग शिकवणाऱ्या ताईंनी नजर समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर ठेवायला सांगितली आणि पाठ सरळ झाली. सातव्या फेरीला खरोखरच तीन शब्द बोलता येईनात. कित्येक दिवसांनी तसा दम लागला आणि डोळ्यांत पाणी आले. आज सकाळी नडगी दाबून पाहिली, कालच्यापेक्षा अधिक दुखत नाही. दोन शंका राहिल्या आहेत. थोडे पोहायचे झाले, तर पाय मारण्याने त्रास होईल का? आणि जानेवारीची शर्यत मनात धरावी का?

पोटरी आणि टाच

पोहताना मांड्यांमध्ये फोमचा ठोकळा धरून फक्त हातांनी पोहावे, आणि वळताना भिंतीला डाव्या पायानेच रेटा द्यावा. अनेकांना पोहण्याचा त्रास होत नाही, पण भिंतीला रेटा देताना कळ येते आणि ते पोहण्याला दोष देतात.

शर्यतीबद्दल मला स्पष्टच लिहिले पाहिजे. सहा आठवडे संपले म्हणजे धावणे सुरू, असे नाही. आधी त्या जागी दाबल्यावर दुखणे थांबले पाहिजे आणि तीस मिनिटे भराभर चालून दुसऱ्या दिवशीही पाय शांत राहिला पाहिजे. तेव्हा डॉक्टरांना विचारून एक मिनिट हळू धावणे आणि चार मिनिटे चालणे, असे पाच-सहा वेळा, दिवसाआड सुरू करावे. दुखले नाही, तर दर आठवड्याला धावण्याचे एक मिनिट वाढवून चालण्याचे एक मिनिट कमी करावे. पाणी आणि सायकल तेव्हाही बंद करू नये. दमाची भूक त्यांच्यावर भागवावी, म्हणजे धावताना घाई होत नाही. हे सारे नीट झाले, तरी डिसेंबरच्या सुमारास आपण सलग अर्धा तास धावू लागाल. त्यानंतर महिन्याभरात २१ किलोमीटर धावणे म्हणजे ज्या घाईने चीर पडली तीच पुन्हा करणे होय. त्यामुळे जानेवारीची नोंदणी रद्द करावी, किंवा आयोजक बदल करू देत असतील, तर पाच किलोमीटरच्या गटात नाव घालावे. पुढच्या वेळी पन्हाळ्याला गेलात, तर चढ धावत जा आणि उतरताना मात्र गाडीने या.