आरशावर दोन चरे: मागे फिरू की पुढे जाऊ?

गिरगावचा_तारेवेडा: घरी बनवत असलेल्या दुर्बिणीचा सहा इंची आरसा, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट). सेरियम ऑक्साइडवर (पॉलिशची पूड) वीसेक तास पॉलिश झालंय. काल टॉर्च तिरका धरला तर कडेजवळ दोन चरे दिसले. मोठा २० मिमीचा, केसासारखा. नख अडकत नाही. परत ५ मायक्रॉनच्या ग्रिटवर (पॉलिशआधी घासायची खरखरीत पूड) जाऊ का? चाळीतल्या एकाच खोलीत घासतोय, बायको आधीच वैतागलीय.

मुलुंडकर_काका: मुळीच जाऊ नका. चरा ०.०२ मिमी रुंद धरला तरी जागा भरते ०.४ चौरस मिमी. आरसा साडेसतरा हजारांच्या वर! नळीतला ३५ मिमीचा तिरपा आरसा एकटाच साडेनऊशे झाकतो, त्याबद्दल कुणी रडतं का? मुंबईच्या उजळलेल्या आभाळात तो चरा तुम्हाला शोधूनही सापडणार नाही. फुको चाचणी (पात्याच्या धारेने आरशाचा आकार तपासायची) लावा, आकार बघा.

अंधेरीची_काचवाली: काका, हिशोब बरोबर, पण तिरपा आरसा प्रकाश मुख्यतः अडवतो, चरा तो विखुरतो. वांगणीला जाऊन व्याधाचा जोडीदार (त्याच्या झगमगाटात लपलेला अंधुक तारा) शोधायला बसलात की असली धूसर झळ नकोशी होते. अर्थात दोन चऱ्यांनी आभाळ कोसळत नाही, तेवढं मान्य. माझा मुद्दा वेगळाय. वीस तासांनी चरा *आला कुठून*? पिचमध्ये (पॉलिशच्या तव्यावरचा डांबरासारखा थर) काहीतरी कडक रुतलं असेल, तर उद्या चार होतील.

मुलुंडकर_काका: मग ५ मायक्रॉनवर जाऊन काय साधणार? त्याच खोलीत परत ग्रिट उघडायचं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. आणि चरा घालवायचा म्हणजे त्याच्या तळापर्यंत अख्खी काच खाली न्यायची.

अंधेरीची_काचवाली: ग्रिटवर जा असं मी कुठे म्हटलं? पिचचा वरचा थर ब्लेडने खरवडा, खाचा मोकळ्या करा, कोमट पाण्यात बसवून पुन्हा दाबा. सेरियम नवं कालवा, जुनं ओतून द्या. आरशाच्या पाठीवर मार्करने दोन्ही चऱ्यांच्या जागा आखा आणि तासभर घासा. तिसरा आला नाही तर काकांचं ऐका.

मुलुंडकर_काका: तो तासही वायाच. पण जुनं सेरियम ओता, हे मात्र खरं.

गिरगावचा_तारेवेडा: पिच खरवडलं. वरच्या मजल्यावर आठवडाभर लाद्या कापतायत, आणि मी पंखा लावून घासत होतो. पंखा बंद करून तासभर घासलं. तिसरा नाही. घामाने मात्र अंघोळ झाली.

अंधेरीची_काचवाली: घाम आरशावर पडू देऊ नका. आणि लाद्यांचं काम संपेपर्यंत थांबा हो!